पिरिऑडिक पॅरालिसिसचा रुग्ण ऑपरेशनला येतो तेव्हा

हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस म्हणजे रक्तातलं पोटॅशियम उतरून अधूनमधून हातपाय लुळे पडण्याचा आजार. अशा रुग्णाचं ऑपरेशन ठरलं की सगळे पोटॅशियमचा आकडा बघत बसतात. खरा घोटाळा बरेचदा स्टँडवरच्या बाटलीत असतो. उपाशी आहे म्हणून वॉर्डात सवयीने पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन लागतं. साखरेमागोमाग इन्सुलिन वाढतं, ते पोटॅशियमला रक्तातून स्नायूंच्या पेशींत ढकलतं आणि हातपाय गळतात. शरीरातलं पोटॅशियम संपलेलं नसतं, त्याने फक्त जागा बदललेली असते.

म्हणूनच अ‍ॅटॅक आला तरी भसाभस पोटॅशियम देऊ नये. अ‍ॅटॅक ओसरताना आत गेलेलं बाहेर येतं आणि आकडा नको तितका चढतो. गिळता येत असेल तर तोंडानेच द्या. शिरेतून द्यावंच लागलं तर पाच टक्के मॅनिटॉलमधून (इन्सुलिन न वाढवणारं द्रावण), तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंट, ईसीजी समोर ठेवून. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं तर आकडा आणखी उतरू शकतो.

आदल्या रात्री गोड किंवा पिष्टमय जड जेवण नको. लिस्टमध्ये पहिला नंबर द्या. पोटॅशियम सकाळी बघा, नंतर दर अर्ध्या-एक तासाने.

ओटीत थंडी आणि धास्ती दोन्ही टाळायच्या. गरम हवेचं ब्लँकेट आधीपासून चालू असावं. व्हेंटिलेटर जोरात चालवला तर अल्कलोसिस होऊन (रक्त अल्कधर्मी होऊन) पोटॅशियम पुन्हा पेशींत शिरतं, तेव्हा उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मिमी पाऱ्यामध्ये ठेवा. लोकल अ‍ॅनेस्थेटिकमधलं अ‍ॅड्रेनलिन, दम्याचं साल्ब्युटामॉल आणि उलटीसाठी हात आपोआप जातो ते डेक्सामेथासोन, ही तिन्ही टाळावीत. स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सामिथोनियम नकोच. त्याऐवजी रोक्युरोनियम कमी डोसमध्ये, तेही स्नायूंचा प्रतिसाद मोजणारा नर्व्ह स्टिम्युलेटर लावूनच.

रिकव्हरीत रुग्ण पूर्ण जागा आहे, नर्व्ह स्टिम्युलेटरवरचं ट्रेन-ऑफ-फोर ०.९ च्या वर आहे (म्हणजे शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरलाय), तरी मान उचलत नाही, बोट घट्ट धरत नाही. इथे त्या औषधावरचा उतारा निओस्टिग्मिनचा आणखी एक डोस भरण्याआधी पोटॅशियम पाठवा आणि ईसीजीत यू-वेव्ह (पोटॅशियम उतरल्याची खूण) शोधा. श्वासाकडे सतत लक्ष हवं.

हायपरकॅलेमिक, म्हणजे पोटॅशियम चढण्याच्या प्रकारात बाटलीचा हिशेब उलटा. तिथे उपास आणि पोटॅशियम हेच अ‍ॅटॅक आणतात, त्यामुळे डेक्स्ट्रोज हवं आणि पोटॅशियम असलेलं रिंगर लॅक्टेट सलाइन नको. सक्सामिथोनियम तिथेही वर्ज्य, निओस्टिग्मिननेही स्नायू आखडू शकतात. केसपेपरवर मात्र पुष्कळदा नुसतं 'पिरिऑडिक पॅरालिसिस' एवढंच असतं. प्रकार कोणता, शेवटचा अ‍ॅटॅक जेवणानंतर आला की उपाशीपोटी, हे पहिली बाटली लावण्याआधी रुग्णालाच विचारा.