अंजनेरी, पण पायथ्याची

दसरा उलटला की त्र्यंबक रस्त्यावरची पावसाळी गर्दी ओसरते. धबधबे आटतात, रीलवाले घरी बसतात आणि अंजनेरीच्या पायथ्याशी फिरायचे खरे दिवस सुरू होतात. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून गडावर वर्षभर माणसं जातात. मी आणि माझी मामेबहीण मात्र या वेळी मुद्दाम खालीच राहिलो.

नाशिकहून एसटीने फाट्यावर उतरलो. अंतर जेमतेम 20 किलोमीटर, पण तेवढ्यात शेती पार बदलते. पूर्वेला निफाडकडे या दिवसांत द्राक्षांची गोडी छाटणी चालू असते. इकडे सह्याद्रीच्या अंगाला पाऊस जास्त, म्हणून भात. खाचरातलं पाणी गेलेलं, माती अजून ओलसर, आणि भात ओंब्यांच्या भाराने एका बाजूला कललेलं. वरच्या अंगाला, जिथे पाणी ठरत नाही, तिथे नागली आणि वरई. मधूनच खुरासणीचा, म्हणजे इथल्या तेलबियांच्या पिकाचा, पिवळाधमक तुकडा. ऑक्टोबरचं ऊन दहालाच चटका देतं, पण खुरासणी बघायची तर उन्हातच बघावी.

एका खाचरात कापणी चालू होती. कापलेलं भात तिथेच आडवं पसरून ठेवलेलं, वाळलं की पेंढ्या बांधायला. विळा थांबवून एका मावशींनी विचारलं, "वर नाही जायचं का?"

"नाही मावशी, खालूनच बघतोय."

"मग बघा निवांत. वर पळणाऱ्यांना आमचं भात कुठं दिसतं!"

खालून डोंगरही वेगळा कळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्यांच्या पायऱ्या इथून सरळ मोजता येतात. सगळा काळा बेसाल्ट. तरी कड्यावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसतात. बहिणीला ती चुनखडी वाटली. ती गिधाडांची वस्ती. वर्षानुवर्षं त्याच कपारींत बसणाऱ्या पक्ष्यांची शीट. वाटेवरच्या दगडांतले पांढरे ठिपकेही चुन्याचे नाहीत. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट नावाचं खनिज जमलं, ते हे. त्याचे देखणे स्फटिक बघायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठावं. वरच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची दुर्मिळ जात फुलते, 2006 साली तिची शास्त्रीय नोंद झाली. ती पावसाळ्यातली, त्यामुळे आता वर जाऊनही ती फुललेली दिसली नसतीच. खाली राहायला आणखी एक सबब!

सगळ्यात जास्त वेळ मोडला तो देवळांत. गावाभोवती झाडीत आणि शेतांच्या कडेला यादवकाळातली जैन आणि हिंदू देवळं विखुरलेली आहेत. कुठे शिखर गेलंय, कुठे नुसता मंडप उभा. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, पण फलकापेक्षा द्वारशाखांवरचं, म्हणजे दाराच्या उभ्या चौकटींवरचं, कोरीवकाम जास्त बोलतं. एका जैन मंदिरात शके 1063 चा संस्कृत शिलालेख आहे. यादव राजा सेउणदेवाच्या एका वाणी मंत्र्याने इथल्या काही दुकानांचं उत्पन्न या मंदिराला लावून दिल्याची ती नोंद. मला इथे राजापेक्षा दुकानांचं अप्रूप वाटतं. म्हणजे जिथे आज भात डोलतंय, तिथेच कुठेतरी भरलेली बाजारपेठ होती. मंदिराला नेमून द्यावं इतकं गल्ल्यात पडत होतं!

तिथे काय विकलं जात असेल यावर आम्ही फाट्यापर्यंत वाद घातला. बहीण म्हणाली मीठ आणि कापड. मी तेलावर अडून बसलो, खुरासणी डोक्यात होती ना. फाट्यावरच्या टपरीत चहा आणि गरम भजी मिळाली. त्र्यंबकची परतीची एसटी खच्चून भरून आली, नाशिकपर्यंत उभ्यानेच आलो.