वालीला बोलू द्या

तुळशीचं लग्न लागलं की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा आटोपते, मालवणी खाजाच्या पुड्या सुटतात आणि मध्यरात्रीच्या पुढे धयकाला, म्हणजे दशावतारी नाटक, उभा राहतो. आधी आड दशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग काळ्या वेशातला, मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेणारा संकासुर. विष्णूने त्याला मारलं की मुख्य आख्यान. नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, गरज पडली तर ऋष्यमूक पर्वतही तोच.

लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंड रंगवता रंगवता मालक आख्यान सांगतो, पार्ट वाटतो, प्रवेश लावून देतो: आधी कोण, पद कुठे, युद्ध कुठे, शेवट कशावर. संवाद ज्याचे त्याने बोलायचे. समोरचा नेमकं काय बोलणार हे रामालाही ठाऊक नसतं. पायपेटी, पखवाज आणि झांज सांभाळायला असतात, पण वाक्य काही पेटीवाला पुरवत नाही.

रामायण-महाभारतातून काय शिकावं याच्या याद्या आपल्याकडे फार. वडिलांचा शब्द पाळा, जुगार खेळू नका. जुगार वाईट हे कळायला अठरा पर्वं आणि अठरा अक्षौहिणी सैन्य कशाला लागतं? या ग्रंथांत शिकण्यासारखं असेल तर ते उलटतपासणीत आहे, आणि ती या बाकड्यावर जितकी उघडी पडते तितकी प्रवचनात पडत नाही.

वालीवधच घ्या. वाल्मीकींकडे पहिली झुंज फुकट जाते, कारण भाऊ इतके सारखे दिसतात की वाली कोणता हेच रामाला कळत नाही. मार खाऊन परतलेल्या सुग्रीवाच्या गळ्यात लक्ष्मण गजपुष्पीची वेल घालतो आणि दुसऱ्या खेपेला बाण सुटतो. ही वेल विसरली की आख्यान तिथेच लंगडतं. पहिल्यांदा राम गप्प का राहिला, हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात अडकून बसतो. वालीची बायको तारा, तिचा प्रवेश तर मुळीच गाळू नये. आत्ताच हरलेला माणूस लगेच पुन्हा आव्हान देतो म्हणजे मागे कुणीतरी आहे, हे तिला कळतं आणि वालीला कळत नाही.

बाण लागल्यावर वाली लगेच मरत नाही. किष्किंधाकांडातला अख्खा सतरावा सर्ग तो जाब विचारतो. मी दुसऱ्याशी लढत असताना आडून का मारलंस? तुझ्या राज्यात मी काय बिघडवलं होतं? माझं कातडं पांघरता येत नाही, मांस तुम्ही खात नाही. पाच नखांचे जे पाच प्राणी चालतात त्यांत ससा आहे, घोरपड आहे, वानर नाही. सीता हवी होती तर मला सांगायचंस, एका दिवसात आणून दिली असती. हे कुणा राक्षसाचं बरळणं नाही, वकिलाचा युक्तिवाद आहे.

अठराव्या सर्गात राम उत्तर देतो. ही भूमी इक्ष्वाकूंची आहे, राजा भरत आहे, त्याच्या वतीने आम्ही दंड देतो. धाकटा भाऊ जिवंत असताना त्याची बायको रुमा तू ठेवलीस. मी सुग्रीवाला शब्द दिला होता. शिवाय तू शाखामृग, म्हणजे वानर. शिकारी लपूनही मारतो. आता यातला रुमेचा आणि शेवटचा मुद्दा शेजारी ठेवून बघा. वाली पशू असेल तर भावजयीचा धर्म त्याला कसा लागू? आणि धर्म लागू असेल तर तो शिकार कसा? चांगला वाली हीच फट पकडतो. मग पुढच्या रांगेतून ऐकू येतं, “वालीन बोलती बंद केल्यान!” अशा वेळी कच्चा राम आवाज चढवतो. मुरलेला राम शिकारीचा मुद्दा सोडून देतो आणि रुमेवर येतो, कारण तेवढ्यालाच वालीकडे उत्तर नाही. मूळ ग्रंथात वाली शेवटी हात जोडतो. ते हात रुमेच्या नावावर जोडले गेले तर पटतात. नुसत्या ‘हे प्रभो’वर जोडले तर बाकड्यावर लोळत पडलेला एक नट तेवढा दिसतो.

लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत वालीसमोर येणाऱ्याचं निम्मं बळ वालीकडे जातं. बाकड्यावर नेमकं उलटं घडतं. वाली तगडा असेल तर रामाला बोलायला सुचतं. वाली मिळमिळीत असला की मुकुट, भुजकीर्ती घालून राम नुसता उभा.

बिघडतं ते बहुधा वेळेवरून. राजपार्टाची, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाची, पदं लांबतात, युद्धनृत्याला टाळ्या पडतात म्हणून तेही वाढतं, आणि पहाट झाली की कापला जातो तो जाब. आता ट्रिकसीनची, म्हणजे चमत्कारी दृश्यांची, भर. धूर आणि दिवे चांगलेच दिसतात, पण धुरात कुणाला प्रश्न विचारता येत नाही. माणसं कमी पडली तर द्रौपदी वस्त्रहरणात विकर्णासारखे पार्ट गळण्याची भीती. पण ‘आधी स्वतःला हरलेल्याने मला पणाला लावलं कसं’ या तिच्या प्रश्नावर भीष्म धर्माची गती सूक्ष्म म्हणून थांबतात, आणि तिची बाजू घेऊन उभा राहतो तो हा दुर्योधनाचा धाकटा भाऊ. पुढे चौदाव्या दिवशी भीम त्यालाही मारतो आणि मारून हळहळतो. विकर्ण गाळला तर सगळे कौरव एकाच रंगात रंगवून मोकळं होता येतं. सोपं जातं, म्हणूनच चुकतं.

मरताना वाली अंगदाला रामाच्या स्वाधीन करतो. पुढे हाच अंगद रामाचा दूत म्हणून रावणाच्या दरबारात जातो. त्या आख्यानात रावण हुशार असेल तर तो पहिला टोमणा बापावरूनच मारणार, आणि अंगदाचा पार्ट ज्याच्या वाट्याला येईल त्याने रंगपटातच ठरवून ठेवावं, या टोमण्याला काय उत्तर द्यायचं ते.