आधी टिप्स, मग केबल

कानात घालायच्या इअरफोनची केबल बदलू का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "टिप कोणत्या साइझची लावली आहेस?" टिप म्हणजे इअरफोनचं कानात जाणारं मऊ रबरी टोक. बहुतेकांना सांगता येत नाही. डबी उघडली तेव्हा जी लावलेली होती तीच अजून लावलेली असते आणि बाकीच्या पिशवीतच पडून असतात. माझं मत स्पष्ट आहे: या प्रकारच्या इअरफोनच्या आवाजात सगळ्यात मोठा फरक टिप पाडते. केबल चांगली हवी, पण कारणं वेगळी.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते आणि घरून सबटायटलचं काम करते. दिवसाचे बरेच तास कानात इअरफोन आणि समोर कुणाचं तरी पुटपुटणं. संध्याकाळी तेच इअरफोन ख्यालासाठी. इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा (१९१२–१९७४) झुमरा तालातला अतिविलंबित ख्याल ऐकायचा तर मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला आवाज, बायाँचा (डग्ग्याचा) घुमार आणि मागचा तंबोरा हे तिन्ही जागच्या जागी लागतात. त्यातलं एक जरी पुसट झालं तरी ती संथ बढत ऐकताना मन लागत नाही. म्हणून या विषयात माझा जीव अडकलेला आहे.

परवा भाचा आला, राजेंद्र नगरहून. पैसे साठवून त्यानं केबल सुटी होणारे इअरफोन घेतलेत. "मावशी, आवाज पातळ वाटतोय. मित्र म्हणतात चांदीचा मुलामा दिलेली केबल घे. घेऊ?" मी त्याला तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून दिलं. काळी एक या पट्टीला लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडाच्या (मधल्या दोन) तारा साधारण १३९ हर्ट्झवर असतात आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. त्याला म्हटलं, आता दोन्ही इअरफोन बोटानं हलकेच आत दाब. दाबले आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अगं, खर्ज आला!" बोट काढलं की खर्ज गेला, वर नुसती जवारीची, म्हणजे तारांच्या झंकाराची झणझण राहिली.

एवढंच निदान पुरेसं आहे. इअरफोनमधला पडदा इवलासा असतो. तो खर्जाचा दाब तयार करू शकतो याचं कारण कानाची नळी टिपेनं बंद झालेली असते. कडेनं केसाएवढी फट राहिली तरी खालच्या स्वरांचा दाब तिथून निसटतो, वरच्या स्वरांना मात्र फारसा धक्का लागत नाही. त्यामुळे आवाज बंद पडत नाही, "पातळ" होतो, आणि माणूस केबलला किंवा इअरफोनला बोल लावतो. घरी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग नसेल तर मोबाइलवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावा. दाबल्यावर तो वाढत असेल तर टिप गळते आहे. आणखी एक खूण म्हणजे टिप नीट बसली की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं ऐकू येतं. तसं होत नसेल तर कान बंद झालेला नाही.

घालायची पद्धतही महत्त्वाची. समोरून सरळ ढकलल्यानं टिप नळीच्या तोंडाशीच अडते. डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून न्यायचा, कानाची पाळी वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढायची, नळी सरळ होते, मग टिप फिरवत आत. भाच्यानं हे केलं तेव्हाच निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं साइझनं. माझ्या स्वतःच्या डाव्या कानाला लहान लागते आणि उजव्याला मध्यम. पुष्कळांचे दोन्ही कान सारखे नसतात, तेव्हा दोन बाजूंना दोन साइझ लावण्यात काही वावगं नाही. मोठी टिप कोंबून बसवण्याचा हट्ट मात्र नको. ती तासाभरात दुखते, आणि अनेकदा तिची कड आत दुमडून उलट फटच पडते.

आता कशाच्या टिप्स घ्यायच्या. सिलिकॉनच्या सगळ्यात सोयीच्या. धुता येतात, टिकतात, घालणं-काढणं पटकन होतं. फोमच्या टिप्स बोटांत दाबून बारीक करायच्या, आत सरकवायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून धरायच्या. बाहेरचा गोंगाट फोम फार चांगला अडवतो, कानावर दाबही मऊ येतो. पण वरचे स्वर थोडे शोषून घेतो. ज्या इअरफोनमध्ये "स", "श" टोचतात तिथे हा गुण कामाला येतो. मी एका बोचऱ्या इअरफोनवर फोम लावते आणि मुलाखतींचं काम त्यावरच करते. गाण्यासाठी नाही लावत, जवारी मंदावते. फोमचा दुसरा प्रश्न आयुष्याचा. घाम आणि कानातला मळ मुरला की तो फुगायचा थांबतो, आणि साबणानं धुऊन पहिल्यासारखा होत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर फार लवकर बसतो. फोम हा वरचेवर येणारा खर्च आहे हे धरूनच घ्यायचा.

टिपेच्या मधलं भोक किती रुंद आहे याकडेही बघा. भोक रुंद असेल तर वरचे स्वर मोकळे येतात. अरुंद आणि लांब नळीच्या टिपेतून ते थोडे दबतात, आणि त्या मानानं खर्ज भरलेला वाटतो. टिप किती खोल जाते यानंही आवाज बदलतो, कारण टिपेचं टोक आणि कानाचा पडदा यांच्यामधली पोकळी लहान झाली की तिथे घुमणारा स्वर वर सरकतो. एकाच इअरफोनबद्दल एक जण म्हणतो टोचतो आणि दुसरा म्हणतो मुळीच नाही, त्यात पुष्कळदा दोघांचंही खरं असतं. खोल बसवण्याचा विचार सगळ्यात नेटानं केला तो अमेरिकेतल्या इटिमॉटिक कंपनीनं. मीड किलियन यांनी १९८३ मध्ये ती काढली आणि १९९१ मध्ये त्यांचा ईआर-४ हा इअरफोन आला, तीन पापुद्र्यांच्या, पार आत जाणाऱ्या टिपेचा. त्या टिपेची सवय सगळ्यांना होत नाही. मला झाली नाही. पण गोंगाट अडवण्यात ती अजून पहिल्या रांगेत आहे.

विकत घेताना एक माप हमखास विसरलं जातं: नॉझलची, म्हणजे इअरफोनच्या ज्या नळीवर टिप चढते तिची जाडी. शुअर कंपनीच्या एसई२१५ इअरफोनचं नॉझल तीन मिलिमीटरच्या आसपास बारीक आहे, तर हल्ली मिळणाऱ्या बऱ्याच चिनी इअरफोनचं पाच-सहा मिलिमीटर. बारीक नॉझलची टिप जाड नॉझलवर चढवायला गेलात तर फाटते. उलट केलंत तर जास्त वाईट, कारण इअरफोन काढताना ढिली टिप कानातच राहते. तशी राहिली तर पिन, चिमटा काही घालू नका, ती आणखी आत जाते. सरळ कानाच्या डॉक्टरांकडे जा, त्यांचं ते दोन मिनिटांचं काम असतं.

जेल रोडवर एका दुकानात मी टिप्स मागितल्या तेव्हा दुकानदारानं सुट्या रबरांची पिशवी पुढे केली. "मॅडम, सबमें यही लगता है।" सबमें लगत नाही. मी घरून व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) नेला होता, त्याच्यासमोर नॉझल मोजलं आणि पिशवीतली रबरंही मोजली. बसतील अशी सापडली, पण तिन्ही साइझची मिळून, वेगवेगळ्या घाटाची. तसली रबरं तात्पुरती ठीक. रोज ऐकणाऱ्यानं फायनल कंपनीच्या टाइप ई, स्पिनफिट, अझला अशा नावाजलेल्यांपैकी एकाचा मिश्र साइझचा संच घ्यावा. हजाराच्या आसपास जातात, पण इअरफोन बदलला तरी नॉझलचं माप जुळलं तर त्या कामी येतात. भाच्याला मी माझ्या डबीतली वेगवेगळी लावून बघायला दिली. त्याला रुंद भोकाची मोठी सिलिकॉन जमली. चांदीचा विषय तिथेच मिटला.

पावसाळ्यासाठी एक सांगणं. ओल्या कानात टिप घालू नका आणि न्हाऊन आल्या आल्या तर नाहीच. बंद, दमट कानात बुरशी धरते आणि ती खाज पाठ सोडत नाही. सिलिकॉनच्या टिप्स इअरफोनवरून काढून कोमट साबणपाण्यानं धुवायच्या आणि पूर्ण सुकल्यावरच चढवायच्या.

आता केबल. एका बाजूचा आवाज गेला किंवा कमी झाला की लोक आधी केबल मागवतात. मागवण्याआधी एक अदलाबदल करा. दोन्ही इअरफोन केबलपासून काढा आणि डावा उजव्या तारेला, उजवा डाव्या तारेला लावा. दोष जागा बदलून दुसऱ्या इअरफोनवर गेला तर केबल गेलेली आहे. तो त्याच इअरफोनजवळ राहिला तर केबल निर्दोष आहे, आणि मग नॉझलच्या तोंडाची जाळी उजेडात धरून बघा. मळाचा पातळ थर त्या जाळीवर बसला की आवाज निम्मा होतो. मऊ कोरडा ब्रश घ्यायचा, नॉझल खाली करायचं म्हणजे मळ आत न पडता बाहेर पडेल. शेजारच्या काकूंचे इअरफोन असे उजेडात धरले तेव्हा जाळीची भोकं दिसतसुद्धा नव्हती. ब्रश फिरवला आणि आवाज परत आला. नवी केबल त्यांनी जवळजवळ मागवलीच होती.

केबल खरंच गेली असेल तर पहिला प्रश्न जोडणीचा. सध्या मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एक दोन पिनांची, ०.७८ मिलिमीटरची, आणि दुसरी गोल, जागच्या जागी फिरणारी एमएमसीएक्स. दोन पिनांच्यातही घाट वेगळे: काहींचं तोंड सपाट, काहींना बाहेरून टोपीसारखं कवच. काही इअरफोनना ०.७५ ची पिन लागते, तिथे ०.७८ रेटून घातली तर आतलं छिद्र सैल होतं किंवा कवच चिरतं. एमएमसीएक्समध्येही सगळ्या केबली सगळ्यांना बसत नाहीत. सेनहायझरच्या आयई मालिकेत खोबण खोल आहे, साधा प्लग तिथे पोचत नाही. तेव्हा मॉडेलचं नाव बघून केबल घ्या, नुसता फोटो बघून नको. एमएमसीएक्स काढताना नखानं सरळ उचकटायची, पिळायची नाही, आणि सारखी काढ-घाल करायची नाही, कारण ती सैल होत जाते.

सपाट तोंडाच्या दोन पिना उलट्याही घालता येतात. एका बाजूची उलटी गेली तर आवाज येतो, पण गवयी मधोमध बसलेला वाटत नाही, पोकळ आणि पसरट वाटतो, खर्ज विरतो. असं ऐकू आलं तर आधी पिनेची दिशा तपासा. बहुतेकांवर लाल म्हणजे उजवा आणि निळा म्हणजे डावा अशी खूण असते.

आणि आवाज? ०.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.१३ ओहम. सव्वा मीटरच्या केबलचा जाऊन-येऊन झाला एक तृतीयांश ओहम. चांदी तांब्यापेक्षा विजेला जेमतेम पाच-सहा टक्के सुलभ, म्हणजे अख्खी केबल चांदीची केली तरी फरक ओहमच्या पन्नासाव्या हिश्शाचा. ३२ ओहमच्या इअरफोनला तो लागत नाही. ज्यांत अनेक ड्रायव्हर (आवाज तयार करणारे छोटे भाग) आहेत आणि रोध काही स्वरांवर चार-पाच ओहमपर्यंत उतरतो, तिथे बारीक तारेची, जास्त रोधाची केबल आवाजाचा तोल थोडा हलवू शकते. पण तिथेही चांगली तांब्याची केबल पुरते. म्हणून मी हजारांच्या केबली घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगत नाही.

केबलीत मी पैसे देते ते मऊपणाला. ताठ केबल ओढणीवर घासली की तिची खरखर थेट कानात शिरते. कानामागून वळवून घ्यायची आणि गळ्याजवळचा सरकता मणी वर करायचा, म्हणजे ती पुष्कळ कमी होते. कानामागच्या आकड्यात तार घातलेली असेल तर चष्मा लावणाऱ्यांना ती टोचते. मी चष्मा लावते, म्हणून तार नसलेला, नुसत्या मऊ नळीचा वळवलेला आकडा बघते. प्लग काटकोनी घेते, कारण खिशात फोन असताना सरळ प्लगच्या मुळाशी केबल मोडते. पारदर्शक आवरण वर्ष-दीड वर्षात घामानं आतून हिरवं पडतं. दिसायला वाईट, पण आवाज बिघडत नाही, तेवढ्यासाठी केबल टाकू नका.

४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या ऋण तारा वेगळ्या ठेवणारा प्लग फक्त तुमच्याकडे तसं भोक असलेलं उपकरण असेल तरच घ्या. तशी केबल साध्या ३.५ च्या भोकात अडॅप्टरनं चालते. उलट, म्हणजे बॅलन्स्ड भोकात अडॅप्टर लावून ३.५ ची केबल, कधीही करू नका. दोन्ही बाजूंच्या ऋण तारा तिथे एकत्र येतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो.

टिप नीट बसली की बाहेरचा गोंगाट अडतो आणि आवाज आपोआप खाली येतो, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. माझं काम तेवढ्या तासांचंच आहे, म्हणून हा आकडा मी टेबलासमोर चिकटवला आहे. भाच्याचा फोनही आता पूर्वीच्या निम्म्या आवाजावर असतो. तुम्हाला एखादी टिप जमली तर त्याच साइझचे आणखी दोन संच लगेच घेऊन ठेवा. कंपन्या घाट बदलतात, आणि मग तीच टिप शोधत बसावं लागतं.