वर्दीची वही

लहानपणी आमच्या घरी बंब म्हटलं की विचारावं लागायचं, कोणता? एक न्हाणीघरातला, तांब्याचा. पोटात निखारे घेऊन पाणी तापवणारा. दुसरा रस्त्यावरचा, लाल, पोटात पाणी घेऊन आगीवर धावणारा. तांब्याचा कधीच मोडीत गेला. लाल बंबाचं आमच्या भागातलं जुनं घर मात्र अजून उभं आहे, रिकामं. तिथे गावाचं एक छोटं संग्रहालय व्हावं, असं मला येता-जाता वाटतं.

म्हणाल, आपल्या नागपूरला अजब बंगला आहे की, भलंमोठं संग्रहालय! १८६३ सालचा. मूर्ती आहेत, शस्त्रं आहेत, पेंढा भरलेले प्राणी आहेत. फक्त आमची गल्ली तिथे नाही. ती सापडेल वर्दीच्या वहीत. आगीची खबर आली की अग्निशमन दलात 'वर्दी आली' म्हणतात. वेळ, पत्ता, कारण लिहून ठेवतात. गाव कशावर जगत होतं, हे त्या वहीला नेमकं ठाऊक. कापूस पेटतो तिथे कापसाचं गाव असतं; १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलनं छताला आग विझवणारे फवारे उगाच नव्हते लावले. लकडगंजातल्या आरा मशीन, कळमन्यातली मिरची, मे महिन्याच्या ४५ अंशांत अहोरात्र फिरून जळलेली कूलरची मोटर. आणि मधेच २०२३ चा सप्टेंबर: अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, अन् आग विझवणारे बोटी घेऊन निघाले. (राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे. आमच्या उन्हात निम्मा अभ्यासक्रम आपोआपच होत असावा.)

शेजारचे काका दलातून निवृत्त झालेले. संग्रहालयात काय ठेवायचं, विचारलं तर म्हणाले, "आग लागली का माणूस काय घेऊन पळते, ते ठेवा. एक बाई कपाट सोडून उशी घेऊन बाहेर आली होती."

"उशीत काय होतं?"

"मी नाही विचारलं बा."

त्या रिकाम्या अग्निशमन केंद्राच्या उंच दारासमोर आता तर्री पोह्याचा ठेला लागतो. रविवारी आम्ही जातो. सगळे दाराला टेकून खातात. काका प्लेट घेऊन बाजूला सरकतात, बंब निघेल एवढी जागा सोडून.