सचिवांच्या नंबरावरून आलेलं चलान

फलटणला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या भागातल्या एका दूध संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फॅट, दर आणि दहा दिवसांच्या बिलाचे निरोप येतात. त्या सोमवारी पहाटे त्या ग्रुपवर सचिव अप्पांच्या नंबरावरून ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल पडली. खाली ओळ होती : तुमच्या गाडीवर दंड झाला आहे, आजच पाहा. मी शटर वर करेपर्यंत पायरीवर माणसं येऊन थांबलेली.

पहिले होते एक बापू. "फोन नुसता तापतोय रं. आन् सकाळपासनं एक मेसेज न्हाई."

मेसेज येत नाहीत म्हटल्यावर मला शंका आली. मी आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला, वायफाय बंद आहे का तेही पाहिलं. मग सेटिंगमधली ॲपची यादी उघडली. स्क्रीनवर चिन्ह कुठेच नाही, पण यादीत ‘चलान’ बसलेलं. एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी त्याने घेतली होती. काढायला गेलो तर ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट, दाबलंच जाईना. त्याने स्वतःला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनवर खास ताबा असलेलं ॲप, करून घेतलं होतं. आधी तो अधिकार काढला, फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून, सुरू केला, तेव्हा ते निघालं. त्याआधी त्या ॲपचा आणि ग्रुपवरच्या मेसेजचा फोटो काढून ठेवला. लोक घाईघाईने फोन फॉरमॅट मारतात आणि तक्रारीला लागणारा पुरावाच पुसून टाकतात.

फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं. एपीके म्हणजे पावती नव्हे, फोनमध्ये बसणारं अख्खं ॲप. ते बसलं की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. व्हॉट्सॲपचा कोडही एसएमएसने येतो, म्हणून अप्पांचं व्हॉट्सॲप चोराने स्वतःच्या फोनवर चालू केलं आणि सगळ्या ग्रुपांवर फाईल सोडली. अनोळखी नंबरावरून आली असती तर बापूंनी हातही लावला नसता. पण अप्पांचं नाव दिसलं म्हणून उघडली.

मी ग्रुपच्या दुसऱ्या ॲडमिनला, अध्यक्षांच्या मुलीला, फोन लावला. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. तिने तो डिलीट केला, अप्पांचा नंबर ग्रुपमधून काढला आणि स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात मोलाचं काम तिने केलं.

काही जणांना फाईलऐवजी लिंक गेली होती. तिच्यात ‘परिवहन’ आणि ‘गव्ह’ दोन्ही शब्द होते, पण डॅशने जोडलेले, आणि शेवट ‘डॉट एक्सवायझेड’. पत्ता नेहमी मागून वाचायचा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ नसेल तर ती चलानची सरकारी साईट नाही. चलान बघायचंच असेल तर परिवहनच्या साईटचा पत्ता स्वतः टाईप करून गाडीचा नंबर घालावा.

दुपारी एक मामी आल्या. आधी म्हणाल्या, स्क्रीनगार्ड बसव. मग हळूच फोन पुढे केला. चलान बघायला एक रुपया भरा म्हणून त्या ॲपने एटीएम कार्डाचा नंबर आणि पिन मागितला होता, तो त्यांनी दिलेला. "पोराला सांगू नको हां," एवढंच दोनदा बोलल्या.

त्यांचं सिम काढून मी दुकानातल्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. त्यामुळे पुढचे ओटीपी आमच्याकडेच आले असते. बँकेला मिस्ड कॉल दिला, तर बॅलन्समध्ये २८,५०० रुपये कमी. कार्डामागच्या नंबरावर फोन करून कार्ड बंद केलं आणि लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारतात. व्यवहार क्रमांक बँकेकडून घेतला होता. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकत असतात, म्हणून तिथे मिनिटाला किंमत असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात असंही सांगितलं होतं, की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. मामी सकाळपासून लाजेने गप्प बसल्या होत्या, आणि तेवढ्या वेळात दोनदा पैसे गेले होते.

मग मीच म्हणालो, "मामी, पोराला आत्ता फोन लावूया." तो आला, आईवर आवाज न चढवता शेजारी बसला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली.

अप्पांना मात्र दिवसभर लोकांनी वाट्टेल ते ऐकवलं. ते मला पटलं नाही, मी तसं तोंडावर सांगितलं. तेही फसलेलेच होते. त्यांच्या व्हॉट्सॲपवर चोराने टू-स्टेप पिन, म्हणजे एसएमएसच्या कोडनंतर मागितला जाणारा आणखी एक पिन, लावून ठेवला होता, त्यामुळे खातं परत वापरायला सात दिवस थांबावं लागणार होतं. हा पिन आधी आपण लावलेला असला, तर नुसत्या एसएमएसच्या कोडवर खातं पळवता येत नाही. संध्याकाळी अप्पा स्वतः संकलन केंद्रावर उभे राहिले आणि किटली घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिले, "फाईल उघडली का? उघडली असली तर आधी नेट बंद कर."

मामींचे १८,५०० रुपये पुढच्या एका खात्यात होल्ड झाले, म्हणजे तिथेच अडवले गेले. बाकीचे दहा हजार त्याआधीच काढले गेले होते. होल्ड झालेली रक्कम परत मिळवायचा अर्ज मुलाने दिला आहे, मंजुरी अजून यायची आहे.