रात्री एकचा कार्यक्रम

आज वेंगुर्ल्यात पाऊस थांबेना, तेव्हा पुतण्याने मोबाइलवर ‘द मिडनाइट स्पेशल’ या गाण्यांच्या जुन्या अमेरिकन कार्यक्रमाची चित्रफीत लावली आणि आम्ही दोघे दिवेलागणीपर्यंत ओटीवरच बसून राहिलो. १९७२ मध्ये एनबीसी वाहिनीवर त्याचा पहिला भाग झाला आणि १९७३ पासून दर शुक्रवारी रात्री, जॉनी कार्सनचा गप्पांचा कार्यक्रम संपल्यावर, एक वाजता तो दीड तास चालत असे. त्या वेळेला प्रेक्षक मिळतील याची वाहिनीला खात्री नव्हती, म्हणून निर्माते बर्ट शुगरमन यांनी पहिल्या भागासाठी ती वेळ स्वतःच विकत घेतली. हे धाडस मला फार मोठे वाटते. ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवण्याची पद्धत टीव्हीवर सर्रास असताना येथे बहुतेक गायक प्रत्यक्ष गात, वादक प्रत्यक्ष वाजवत, आणि म्हणूनच आजही त्यांचा श्वास ऐकू येतो. दशावतारात पेटी-पखवाजाच्या साथीने पहाटेपर्यंत गाणारे नट ऐकत वाढलेल्या माणसाला तो फरक लगेच कळतो. १९८१ मध्ये कार्यक्रम बंद झाला.

“काका, आपल्या जत्रेतल्या दहीकाल्याचे, म्हणजे दशावतारी नाटकाचे, असे चित्रण कोणी जपले आहे का?” पुतण्याने विचारले. कार्तिकात कॅमेरा घेऊन जायचे आम्ही ठरवले आहे.