मॅडोनाचं ते चिअरलीडरवालं गाणं

काल भांडी घासताना फोनवर आपोआप मॅडोनाचं 'गिव्ह मी ऑल युअर लव्हिन' लागलं आणि मी साबणाचे हात तसेच ठेवून अख्खं गाणं ऐकलं, मग परत लावलं. या गाण्याबद्दल कधीतरी लिहायचंच होतं.

२०१२ ला आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायचो. ५ फेब्रुवारीला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल होती, मॅच तिकडे इंडियानापोलिसला पण आमच्याकडे सगळे न्यूयॉर्क जायंट्स टीमवाले, त्यामुळे बिल्डिंगमधले आम्ही सात-आठ जण खालच्या काकूंकडे जमलो होतो. काकू सोलापूरच्या, नाचोजच्या शेजारी शेंगाचटणीची वाटी. मला अमेरिकन फुटबॉलमधलं तेव्हा काही म्हणजे काही कळत नव्हतं, मी हाफटाइमला, मधल्या ब्रेकात, मॅडोनाचा शो होता त्यासाठी बसले होते. गाणं दोनच दिवस आधी आलेलं.

आणि मग पॉमपॉम घेऊन मॅडोना, एका बाजूला रॅपर निकी मिनाज, दुसऱ्या बाजूला दुसरी रॅपर एम.आय.ए., आणि तो आरडाओरडा सुरू. आरडाओरडाच म्हणते मी, कारण गाण्याचा जीव त्यातच आहे. 'लव्ह' शब्दाची अक्षरं सुटी करून पोरी ठेक्यात ओरडतात आणि मागे टाळ्या. माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला कारण हे मला पाठ होतं! कॉलेजात पुरुषोत्तम करंडकला भरत नाट्य मंदिरात घसा बसेपर्यंत 'अरे आवाज कुणाचा' केलंय आम्ही. एकाने विचारायचं, शंभर जणांनी उत्तर द्यायचं, चाल नाही काही नाही, नुसता ठेका आणि शब्द.

म्हणूनच मला या गाण्यात रॅप कुठे उपरा वाटत नाही. चिअर काय न् रॅप काय, दोन्हीकडे ठेक्यावर बोलायचं, आपलं नाव ठणकावून सांगायचं, समोरच्याला डिवचायचं. निकी येते ती त्याच टाळ्यांवर येते, ठेका मोडत नाही, फक्त आवाजाचा रंग बदलते. प्रोड्युसर मार्टिन सोल्व्हेग, फ्रेंच डीजे, त्याने खाली पक्का डान्स बीट ठेवलाय म्हणून हे सगळं एकत्र बांधलं जातं.

तेव्हा बऱ्याच जणांनी नावं ठेवली, ५३ व्या वर्षी पॉमपॉम कशाला वगैरे. अहो ती मिशिगनच्या शाळेत खरंच चिअरलीडर होती! व्हिडिओत तर फुटबॉल प्लेअर तिला उचलून नेतात, तिला आडोसा देतात, आणि निकी न् एम.आय.ए. चिअरलीडर. नेहमी मैदानात पुरुष आणि कडेला ओरडणाऱ्या पोरी असतात ना, इथे ती हेल्मेटवाली अख्खी टीम हिच्या दिमतीला. मला ते बघून फार बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

वाईट याचं वाटतं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात गाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. एम.आय.ए.ने लाइव्ह शोमध्ये मधलं बोट दाखवलं तेवढंच सगळ्यांच्या तोंडी, पुढे एनएफएलने, म्हणजे त्या फुटबॉल लीगने, तिच्यावर दावा लावला, २०१४ पर्यंत ते चाललं. गाणं अमेरिकेत १० नंबरपर्यंत गेलं, मॅडोनाचं ते टॉप टेनमधलं ३८ वं, पण विचाराल त्याला ते बोटच आठवतं. (जायंट्स २१-१७ ने जिंकले हे काकूंना अजून आठवतं.)

माझी तक्रार एकच. एम.आय.ए. म्हणजे माया अरुलप्रगासम, लंडनची श्रीलंकन तमिळ पोरगी, तिचा तो सपाट, बेफिकीर आवाज कानात बसतोय न बसतोय तोच तिचा भाग संपतो. नंतर टूरमध्ये याच गाण्याला मॅडोनाने ड्रमवाले वर हवेत लटकवले होते, खाली बॅटन फिरवणाऱ्या पोरी, काय ताशा वाजतो तो! त्या ड्रमवर एम.आय.ए.ला अजून सोळा ओळी हव्या होत्या.